ऐतिहासिक वैमानिकांच्या छोट्या मूर्ती घडवणं ही कला म्हणता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या अकराएक सेंटिमीटर उंचीच्या मूर्ती तुम्ही एपॉक्सी पुट्टीत, म्हणजे मळली की काही वेळाने कडक होणाऱ्या लगद्यात घडवता. एका कला प्रदर्शनाच्या शिल्प विभागात त्या दिल्या, तर आयोजकांनी त्या उचलून ‘छंद आणि हस्तकला’च्या टेबलावर मांडल्या. घरीही कुणी त्यांना मॉडेल म्हणतं, कुणी खेळणी. तेव्हा ही कला आहे का?

आहे. तुम्ही जोडलेल्या तीन फोटोंतल्या तिसऱ्या मूर्तीबद्दल तर माझ्या मनात काहीच शंका नाही. पहिल्या दोन मूर्तींत हातखंडा दिसतो, पण त्या मला वेगळ्या जातीच्या वाटतात. हा फरक नेमका कुठे पडतो ते सांगायचा प्रयत्न करतो.

मी गोव्यातल्या माशेलचा. आमच्या घरात चवथीचे गणपती होतात, आजोबांच्याही आधीपासून. पावसाळ्यात माझे हात चिकण मातीत असतात आणि चवथ झाली की पुट्टीत. वैमानिकांचं वेड शाळेत असताना बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात लागलं. विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडणारं सी हॉक हे लढाऊ विमान तिथे हात लावता येईल इतक्या जवळ उभं आहे. त्याची कॉकपिट केवढीशी आहे हे पाहिल्यावर माझ्या डोक्यात विमानापेक्षा त्यात बसणारा माणूसच जास्त राहिला.

तुमच्या आयोजकांसारखंच मलाही लोक विचारतात की यात कल्पना कुठली? गणवेश ठरलेला, विमान ठरलेलं, माणूसही इतिहासात होऊन गेलेला. हा आक्षेप निदान गोव्यात तरी कुणी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. गणपती इतकं ठरलेलं दुसरं काय आहे? चार हात, सोंड, एक दात मोडलेला, पाश, अंकुश, मोदक, पोटाला नाग, पायाशी उंदीर. ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरने आपल्या वैमानिकांना इतकं बांधून घातलं नव्हतं. तरी चित्रशाळेत, म्हणजे गणपती घडवतात त्या जागी, शिरलेला जाणता माणूस पाठमोरी मूर्ती पाहून सांगतो की हा हात कुणाचा. सोंडेचा वळसा कुठून सुरू होतो, पापणी किती झुकली आहे, मांडीचा भार पाटावर खरंच पडला आहे का, यावरून ते कळतं. घरं पिढ्यान्‌पिढ्या एकाच शाळेतून मूर्ती नेतात ती याच ओळखीपोटी. डोळ्यांची आखणी शेवटी आणि सगळ्यांत मुरलेल्या हाताने होते. सगळं ठरलेलं असतं म्हणूनच न ठरलेलं तेवढं उठून दिसतं.

इतिहासातली व्यक्ती आहे, नवं काही नाही, या म्हणण्याला पणजीतच उत्तर उभं आहे. जुन्या सचिवालयाशेजारचा, संमोहनासाठी गाजलेले गोमंतकीय पाद्री आबे फारिया यांचा पुतळा तुम्ही पाहिला असेलच. फारिया १८१९ मध्ये पॅरिसला वारले, आणि गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचा हा पुतळा १९४५ मध्ये उभा राहिला. कामतांनी फारियांना पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. त्यांच्या हाताशी पाद्र्याचा झगा होता, संमोहनाची विद्या होती आणि एक कीर्ती होती. पुढे झेपावलेले ते दोन हात आणि खाली कोसळणारी ती बाई कामतांनी घडवली. आता फारिया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तीच आकृती येते. या पुतळ्याला हस्तकलेच्या टेबलावर कोण ठेवील?

राहता राहिला आकार. मोहेंजोदडोची ब्राँझची नर्तकी साडेदहा सेंटिमीटरची आहे, म्हणजे तुमच्या वैमानिकापेक्षा किंचित ठेंगणी. सतराव्या शतकात आपल्याच गोव्यात हस्तिदंतात ‘भला मेंढपाळ’ कोरला जाई. वर डोळे मिटून बसलेला बाळ येशू, त्याच्या खाली डोंगराचे थर, मेंढ्या, झरा आणि तळाच्या गुहेत आडवी झालेली येशूची शिष्या माग्दालेना. हातात मावतील एवढी ही कामं आहेत. विषय चर्चने दिलेला, कारागिरांची नावं हरवलेली. आज ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत आणि तिथे त्यांना शिल्पच म्हणतात. जुन्या गोव्यात सांता मोनिका कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. तिथे एकदा सवडीने जा आणि लहान कामांसमोर उभं राहून बघा. उंचीची अट कलेला कधीच नव्हती.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण वाद झाला तर तुमच्या हाताशी असावं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्र आणि शिल्प हे ‘कलात्मक कृती’त मोडतं, त्यात कलागुण असो वा नसो, आणि शिल्पात साचे आणि नमुनेही धरले आहेत. इंग्लंडमध्ये तर १९०२ सालीच शिशाच्या खेळण्यातल्या सैनिकांवरून खटला झाला होता. पोकळ ओतीव सैनिक बनवणाऱ्या ब्रिटन कंपनीने नक्कल करणाऱ्यांना कोर्टात खेचलं, आणि न्यायालयाने त्या छोट्या सैनिकांना १८१४ च्या शिल्पविषयक कायद्याचं संरक्षण दिलं. अर्थात कायदा मालकी कुणाची ते ठरवतो. मूर्तीत जीव आहे की नाही हे ठरवणं त्याच्या हातात नाही, म्हणून मी यावर फार विसंबत नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या कामाचा अर्धा भाग अभ्यासाचा असतो, आणि माझ्या मते बरेच जण तिथेच थांबतात. सिडकॉट सूट हा वैमानिकांचा उबदार पोशाख १९१७ मध्ये सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने काढला. आत फर, मध्ये हवा न शिरणारं रेशीम, वर घट्ट विणीचं कापड. त्याच्या आधी लांब चामडी कोट आणि मांड्यांपर्यंत येणारे मेंढीच्या कातड्याचे बूट होते. गळ्यातला रेशमी रुमाल दिमाखासाठी नसायचा. शत्रू कुठून येतो हे बघायला मान सारखी फिरवावी लागे आणि लोकरी कॉलरने ती सोलवटून निघे. ब्रिटिश विमानांच्या वैमानिकांना त्या युद्धात पॅराशूट दिलेलं नव्हतं, म्हणून त्यांच्या अंगावर त्याचे पट्टे दाखवायचे नाहीत. हे सगळं माहीत असलंच पाहिजे. चुकीचं बक्कल लावलेली मूर्ती माझ्याच्याने बघवत नाही. पण हे सगळं अचूक उतरलं म्हणजे जे उभं राहतं ते कपड्यांचं दुकान. तुमची पहिली मूर्ती मला तशी वाटली. शिवण अन् शिवण बरोबर आहे, आणि आत कुणीच नाही.

आतला माणूस कागदपत्रांत सापडत नाही. तो तुम्हाला घडवावा लागतो, आणि कला सुरू होते ती तिथे.

पहिल्या महायुद्धातले भारतीय वैमानिक हरदितसिंग मलिक यांचं उदाहरण घ्या. ते २८ स्क्वॉड्रन या ब्रिटिश तुकडीत सॉपविथ कॅमल हे लढाऊ विमान उडवत. शीख असल्याने त्यांनी पगडीवर बसेल असं मोठं हेल्मेट खास बनवून घेतलं होतं. पुढे ते फ्रान्समध्ये भारताचे राजदूत झाले आणि १९८५ मध्ये वारले. आता ही मूर्ती करायला बसा. हेल्मेट मोठं केलं की डोकं सुजल्यासारखं दिसतं, आणि नेहमीच्या मापाचं ठेवलं तर मलिक राहत नाहीत. चामड्याखाली पगडीचे थर आहेत हे बघणाऱ्याला कळायला हवं, आणि पगडी तर दिसत नाही! म्हणजे चामड्याचा ताण कपाळाच्या वर कुठे ओढला जातो, कानाशी ते कुठे सैल पडतं, हनुवटीचा पट्टा किती लांब घेतला असेल, हे मनाशी बसवावं लागतं. मग मान. डोक्यावर नेहमीपेक्षा जास्त भार आणि रुंदी घेऊन वावरणारा माणूस मान जराशी ताठ, खांदे किंचित मागे ठेवतो. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. पागोटं बांधणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आलोय, त्यांच्या चालण्यातून ते आलं. मलिकांवर मी अजून काम करतोय, आणि त्या मानेपाशी येऊन थांबतो तेव्हा कळतं की इथे मोजपट्टीचा काही उपयोग नाही.

कोलकात्याचा इंद्रलाल रॉय तर एकोणिसाव्या वर्षी गेला. ४० स्क्वॉड्रनमध्ये एस.ई.५ए उडवताना जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत त्याच्या नावावर दहा विजय लागले आणि २२ जुलैला तो पडला. त्याला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. तो स्वतः विमानांची रेखाटनं करायचा, आणि ती आजही आहेत. या मुलाला कसं उभं कराल? छाती पुढे काढलेला वीर म्हणून? अशा मूर्ती पाहिल्या की मला वाईट वाटतं. एकोणीस वर्षांच्या मुलाची मान बारीक असते, मनगटं बाहीतून जरा जास्तच बाहेर येतात, कोट खांद्यांपेक्षा मोठा दिसतो. त्याच्या हातात पिस्तूल द्यायचं की पेन्सिल, या एका निवडीने सगळी मूर्ती बदलते. ती निवड करणारा शिल्पकार असतो.

आणि तिसरे, ज्यांच्यावर माझा विशेष जीव आहे, ते मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर. आडनाव ऐकलं की आमच्याच फोंडा तालुक्यातलं वेलिंग आठवतं. २३ स्क्वॉड्रनमध्ये ते सॉपविथ डॉल्फिन उडवायचे, जून १९१८ मध्ये मृत्यू आला, आणि फ्रान्समध्ये हँगार्ड इथल्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. डॉल्फिनची बांधणी मोठी विलक्षण होती. वरचा पंख खालच्या पंखाच्या मागे ढकललेला आणि मधोमध उघडी चौकट, तिच्यातून वैमानिकाचं डोकं पंखाच्या वर निघायचं. वरचं आभाळ सगळं मोकळं दिसे. पण विमान नाकावर उलटलं तर आधी डोकंच सापडे. अशा विमानातून उतरलेला माणूस जमिनीवर कसा उभा राहत असेल? माझ्या मूर्तीत हनुवटी थोडी वर आहे, डोळे बारीक केलेले आहेत, जणू वर बघायची सवय अजून अंगातून गेलेली नाही. दुसरा कुणी वेगळं करील. त्याची मूर्ती वेगळी होईल आणि दोन्ही खऱ्या असू शकतील.

छोट्या मूर्तीत आणखी एक गोष्ट घडते, जी बाहेरच्यांना ठाऊक नसते. माणूस सोळा पटींनी लहान करता येतो, उजेड करता येत नाही. खऱ्या कोटाच्या घडीत जी गडद सावली पडते ती छोट्या घडीत पडतच नाही, खोलीतला प्रकाश सगळीकडे शिरतो आणि मूर्ती सपाट होते. म्हणून घडी मापापेक्षा खोल कापायची, भुवईखालची खोबण जास्त आत न्यायची, आणि रंगवताना सावली आपण घालायची. दोन मिलिमीटरचं चामडं १/१६ प्रमाणात मिलिमीटरचा आठवा भाग होतं. तेवढी पातळ कड पुट्टीत टिकत नाही आणि टिकली तरी कागदासारखी दिसते. कड जाड ठेवून ती पातळ भासवायची असते. हात मी नेहमी मापापेक्षा तसूभर मोठे करतो, कारण अगदी मापातले हात दुबळे दिसतात. कुठे मापाशी इमान राखायचं आणि कुठे डोळ्याशी, हे प्रत्येक ठिकाणी नव्याने ठरवावं लागतं. मोठा पुतळा करणाऱ्यालाही हेच करावं लागतं, फक्त उलट्या दिशेने.

तुमच्या कामाच्या पद्धतीबद्दल एक सुचवतो. फोटोंवरून वाटतं की तुम्ही पितळी तारेच्या सांगाड्यावर थेट कपडे चढवता. आधी उघडं शरीर पूर्ण करा, अगदी बरगड्या आणि गुडघ्याच्या वाट्यांसकट, जरी ते नंतर झाकलं जाणार असलं तरी. मग एकेक थर. आमच्याकडे मे महिन्यात पुट्टी लवकर घट्ट होते, म्हणून एका बाहीपुरतीच मळावी. पावसाळ्यात तिच्यावर चिकट थर येतो, तो साबणाच्या पाण्याने पुसून वाळवल्याशिवाय वरचा थर नीट बसत नाही. एम-सील मी सांगाड्यावरचा भराव म्हणून वापरतो, कापडाच्या घड्यांना ते वेळ देत नाही. बोटांना टाल्कम लावा, हत्यारांना पाणी. दातांच्या डॉक्टरांची टाकाऊ हत्यारं मिळाली तर सोडू नका.

आता तुमच्या दुसऱ्या मूर्तीबद्दल. ती एका छायाचित्रावरून जशीच्या तशी केली आहे असं तुम्हीच लिहिलंय. छायाचित्र समोरून काढलेलं, त्यामुळे समोरून मूर्ती छान आहे. बाजूने पाहिली की मात्र पाठीचं काय करायचं हे ठरलेलं दिसत नाही. फोटोग्राफरने निवडलेला क्षण तुम्ही उचललात, तुमचा क्षण त्यात आला नाही. हे उत्तम कारागिरीचं काम आहे आणि कारागिरीला मी मुळीच कमी लेखत नाही, आमच्या घराची रोजीरोटी तिच्यावर आहे. पण कुणी तिला शिल्प म्हणायला कचरलं तर मी त्याच्याशी भांडणार नाही.

तिसऱ्या मूर्तीसाठी मात्र भांडेन. कॅमलचा वैमानिक नुकता उतरलाय. फिरत्या इंजिनातून उडालेल्या एरंडेल तेलाने तोंड काळवंडलंय, गॉगल वर सरकवल्यामुळे डोळ्यांभोवती तेवढी स्वच्छ वर्तुळं उरलीत. एका हाताने त्याने पंखाचा खांब धरलाय, आणि तो धरण्यात आधार घेणं आहे. सगळा भार उजव्या पायावर. डावा गुडघा किंचित वाकलेला, जणू इंजिनाची थरथर अजून त्यात आहे. हातमोजा अर्धाच काढलाय आणि पुढे काढायचं तो विसरलाय. या माणसाचं नाव तुम्ही दिलेलं नाही, त्याच्या स्क्वॉड्रनची खूणही नाही, तरी तो कुणीतरी आहे. त्याच्या अंगावरचं सगळं काढून त्याला लुंगी नेसवली तरी तो थकून परत आलेला माणूसच दिसेल. मी स्वतःच्या कामाला हीच कसोटी लावतो.

संगणकावर मॉडेल करून रेझिनमध्ये छापलेल्या मूर्तींबद्दलही तुम्ही विचारलंय. तिथेही मी हेच बघतो: उभं राहणं कुणी ठरवलं? ज्याने ठरवलं त्याचं ते शिल्प. दुसऱ्याच्या मूर्तीवरून चोरून साचा काढणाऱ्यांना मात्र माझ्या लेखी काहीही स्थान नाही.

पुढच्या प्रदर्शनाला तिसरी मूर्ती एकटीच पाठवा. तीन एकत्र ठेवल्या की बघणाऱ्याला संच दिसतो, आणि संच म्हटला की त्याला खेळणीच आठवतात. अर्जावर ‘मॉडेल’ आणि ‘स्केल’ हे शब्द लिहू नका. ‘शिल्प, एपॉक्सी आणि तैलरंग, उंची ११ सें.मी.’ एवढं पुरे. नाव द्यायचंच असेल तर विमानाचं देऊ नका. आणि मांडणीची उंची आयोजकांवर सोडू नका. कमरेएवढ्या टेबलावर ठेवलेली मूर्ती वरून दिसते, म्हणजे हेल्मेटचा माथा आणि दोन खांदे. तुमचं सगळं काम त्या चेहऱ्यात आणि गुडघ्यात आहे, ते कुणाला दिसणारच नाही. दीड मीटर उंचीची अरुंद बैठक मागा, नाही मिळाली तर स्वतःची घेऊन जा. उजेड एकाच बाजूने आणि थोडा वरून घ्या. कुठल्या कोनातून चेहरा आणि तो वाकलेला गुडघा एका नजरेत येतात ते आधी घरीच बघा, आणि बैठकीवर पेन्सिलीने खूण करून ठेवा, म्हणजे मांडणाऱ्याच्या हातून मूर्ती फिरणार नाही.